लॅबोरेटरीचे बिल वाचताना

रक्त तपासायला गेलेल्या माणसाचे लक्ष सुईकडे असते, बिलाकडे नसते. रक्त देऊन झाल्यावर पावती हातात पडते आणि मग बोलण्यात अर्थ राहत नाही. म्हणून पैशांची विचारपूस सुई टोचण्यापूर्वीच करावी, असे आम्ही वाचकांना सुचवतो.

आमच्या ओळखीच्या एका वयस्क शेतकऱ्यास डॉक्टरांनी मधुमेहासाठी दोनच तपासण्या लिहून दिल्या होत्या, एचबीएवनसी आणि क्रिएटिनिन. पहिलीवरून गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज येतो (तिला उपाशी राहावे लागत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते), तर दुसरीवरून मूत्रपिंडे कशी चालली आहेत ते कळते. काउंटरवर मात्र त्यांना सांगण्यात आले, ''काका, थोडे पैसे जास्त घाला, सत्तर तपासण्यांचे पॅकेज घ्या.'' सत्तर म्हटल्यावर कोणालाही ते स्वस्तच वाटणार. पण हे सत्तर मोजतात कसे?

सीबीसीसाठी घेतलेले थोडेसे रक्त यंत्राला दिले की हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट असे वीसएक आकडे एकदमच बाहेर पडतात. पॅकेजात त्या झाल्या वीस तपासण्या! चरबीच्या तपासणीत व्हीएलडीएल म्हणून जो आकडा छापतात, तो बहुधा तपासलेला नसतोच. ट्रायग्लिसराइडच्या आकड्याला पाचाने भागतात. 150 असेल तर 30. यकृताच्या तपासणीत एकूण बिलिरुबिनमधून डायरेक्ट वजा केले की इनडायरेक्ट मिळते, एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा केले की ग्लोब्युलिन. हे आकडे खोटे नव्हेत, डॉक्टरांना ते उपयोगीही पडतात. पण वजाबाकीलाही तपासणी म्हणणे म्हणजे पेटीतले आंबे मोजताना कोयी आणि साली वेगळ्या मोजण्यासारखे आहे.

पॅकेजचा खरा खर्च पुढे असतो. रिपोर्टवर आकड्याशेजारी जी नॉर्मल मर्यादा छापलेली असते, ती सर्वसाधारणपणे शंभर निरोगी माणसांपैकी पंच्याण्णव तिच्यात बसतील अशी ठरवतात. म्हणजे पाच निरोगी माणसे विनाकारण बाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर धडधाकट माणसाचाही निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे 64 टक्के होते. मग त्या ठळक छापलेल्या आकड्यासाठी पुन्हा रक्त, कधी सोनोग्राफी, आणि घरात सगळ्यांच्या जिवाला घोर.

याचा अर्थ डॉक्टरांनी लिहिलेली तपासणी परस्पर गाळावी, असा मुळीच नाही. खर्च झेपत नसेल तर ''यातली आधी कोणती करू?'' असे डॉक्टरांनाच विचारावे. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

तपासणी कोठे करावी हे ठरवण्याचा हक्क रुग्णाचा आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2018 साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो नमूद आहे. रुग्ण पाठवण्याबद्दल डॉक्टरांनी कमिशन घेण्यास 2002 च्या नियमांनी मनाई आहे. तेव्हा दोन ठिकाणी दर विचारण्यात संकोच कसला? घरी येऊन रक्त नेण्याचा आकार वेगळा आहे का, तेही विचारावे. लहान गावातले केंद्र पुष्कळदा रक्त घेण्यापुरतेच असते आणि तपासणी दूरच्या शहरात होते, म्हणून ती कोठे होणार हेही विचारावे. रिपोर्टवर सही कोणाची आहे ते पाहावे. पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये सांगितले आहे.

आणि पैसे मोजण्यापूर्वी सरकारी आरोग्य केंद्रात एक फेरी मारावी. केंद्र सरकारने 2015 साली मोफत निदान सेवा सुरू केली, तिच्यात नेहमीच्या बऱ्याच तपासण्या येतात. क्षयाच्या संशयावरून करायची थुंकीची तपासणी तर सरकारी केंद्रात फुकट होते. जाताना जुने रिपोर्ट बरोबर न्यावेत. कालपरवाच झालेली तपासणी पुन्हा लिहिली जाण्याचे त्याने टळते.