स्मृतिभ्रंश : आजीला सांभाळायचे, आणि सांभाळणाऱ्या बाईलाही

वस्तीत तपासणी शिबिराला बसलो की बीपी-शुगर झाल्यावर बायका हळूच एक गोष्ट काढतात. "सासूबाई रोज म्हणतात, माझे पैसे हिनंच घेतले. आत्ता जेवल्या तरी शेजारी जाऊन सांगतात, मला उपाशी ठेवलंय." यावर शेजारपाजारचा सल्ला ठरलेला असतो. कुणी म्हणते वय झालं, चालायचंच. कुणी म्हणते बाहेरचं काही असेल, दाखवून या. दोन्ही चूक. हा डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश असू शकतो. यात मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होत जातात. अल्झायमर हे त्याचे सर्वांत जास्त आढळणारे कारण. मेंदूचा रक्तपुरवठा अडून होणारे लहानमोठे झटके हे दुसरे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा, की भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार आहे. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरापेक्षा खेड्यात त्याचे प्रमाण जास्त आहे. लहानपणी शिक्षण न मिळणे हेही धोका वाढवणारे एक कारण मानले जाते. आपल्या आज्यांना शाळा का मिळाली नाही, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको.

आजार पूर्ण बरा करणारे औषध अजून नाही. म्हणून सगळा भार येतो सांभाळण्यावर. आणि सांभाळायचे कसे, हे शिकवायचे कुणी?

या प्रश्नावर इंग्लंडमध्ये चांगले काम झाले आहे. शेफिल्ड विद्यापीठात माइक नोलन हे वृद्धसेवा नर्सिंगचे प्राध्यापक होते. त्यांच्या आधी ब्रॅडफर्डच्या टॉम किटवूड यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात ठासून सांगितले होते, की विसरणारा माणूस हाही पूर्ण माणूसच असतो, त्याला वस्तूसारखे हलवू-उचलू नका. नोलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापुढे जाऊन विचारले : पेशंट माणूस आहे हे ठीक, पण त्याला सांभाळणाऱ्याचे काय?

त्यांनी सहा जाणिवा मांडल्या. सुरक्षित वाटणे. आपण कुणाचे तरी आहोत असे वाटणे. कालचा धागा आजला जुळलेला असणे. दिवसाला काही हेतू असणे. काहीतरी जमले याचे समाधान. आणि आपल्याला किंमत आहे असे वाटणे. या सहाही जाणिवा म्हाताऱ्या माणसाला हव्यात, तशाच घरच्यांना, नर्सला आणि शिकाऊ विद्यार्थिनीलाही हव्यात. एकीला मिळाल्या नाहीत तर ती दुसऱ्याला देऊ शकत नाही.

शिकाऊ नर्सेसच्या वॉर्डातल्या प्रशिक्षणाचा अभ्यास करताना त्यांना हेच दिसले. जिथे सिनियर सिस्टर मुलीला विचारते, शिकवते, टीममध्ये घेते, तिथे ती मुलगी म्हाताऱ्या पेशंटकडे माणूस म्हणून बघायला शिकते. जिथे तिला फक्त पडेल ते काम दिले जाते, तिथे तिचे लक्ष पेशंटवरून उडून काम उरकण्यावर जाते. आम्ही डिप्लोमा करताना वॉर्डात दोन्ही प्रकार पाहिले आहेत. किती बेडशीट बदलल्या याचा हिशेब रोज लागे. आजोबांशी कोण बोलले, हे कुणी विचारत नसे.

आता हे आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत आणून बघा. आजी म्हणाली पैसे चोरले, तर "मी नाही घेतले" हा वाद रोज हरायचा आहे. तिला त्या क्षणी असुरक्षित वाटते आहे. "चला, दोघी मिळून शोधू" म्हणा, डबा हातात द्या. तिच्या वस्तूंची जागा बदलू नका, सातत्य म्हणतात ते हेच. संध्याकाळी अशा माणसांची घालमेल वाढते, तेव्हा दिवा वेळेवर लावा, टीव्हीचा आवाज कमी करा. लसूण सोलणे, कपड्यांच्या घड्या, मेथी निवडणे ही कामे तिला द्या. घडी वाकडी झाली तरी पुन्हा तिच्यासमोर मोडू नका. ताजे विसरले तरी जुने पाठ झालेले बराच काळ टिकते. सकाळी काय खाल्ले ते न आठवणारी आजी विहारात त्रिशरण-पंचशील न अडखळता म्हणू शकते. तिला लाजेपोटी घरात बसवू नका, विहारात घेऊन या. सार्वजनिक संडासला मात्र एकटी पाठवू नका, गल्ल्या चुकतात. नाव आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ब्लाउजच्या आत शिवून ठेवा.

आणि सून? सहा जाणिवा तिलाही लागू आहेत. ती रात्रभर जागते आणि सकाळी चार घरची धुणीभांडी करते. मुलगा म्हणतो, आईकडे नीट लक्ष दे. हे आम्हाला पटत नाही. आठवड्यातला एक पूर्ण दिवस मुलाने, लेकीने, दिराने वाटून घ्यावा, तोही उपकार म्हणून नव्हे.

आपल्या वस्तीतल्या कितीतरी बायका ब्युरोमार्फत मोठ्या घरांत बारा-बारा तास पेशंट सांभाळतात. त्यातले बरेच पेशंट स्मृतिभ्रंशाचे असतात. ना प्रशिक्षण, ना सुट्टी, वर चोरीचा आळ. तो आळ आजाराचा भाग असतो, हे त्या घरातल्यांना आधी माहीत असायला हवे. बायांनो, काम धरतानाच हे बोलून घ्या.

तपासणी टाळू नका. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांतही विसर पडतो आणि ते उपचाराने सुधारू शकते. महापालिकेच्या किंवा सरकारी मोठ्या रुग्णालयात मेंदूविकार किंवा मानसोपचार ओपीडीला दाखवा. बीपी, शुगर ताब्यात ठेवा, तंबाखू-मिश्री सोडवा, ऐकू कमी येत असेल तर कान तपासा. एक-दोन दिवसांत अचानक बरळणे, ओळख न पटणे सुरू झाले तर थांबू नका. लघवीतला किंवा छातीतला संसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे यानेही तसे होते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि ज्येष्ठांसाठीच्या मदतीचा १४५६७ हा सरकारी टोल-फ्री नंबर भिंतीवर लिहून ठेवा.