रोलर फिरवून फेशिया खरंच ‘मोकळा’ होतो का? अंग आखडण्यामागचं विज्ञान काय सांगतं?

इन्स्टाग्राम उघडलं की चार रीलमागे एक रील हमखास हे असतं. जिममधला ट्रेनर मांडीखाली फोमचा रोलर घेऊन मागे-पुढे सरकतोय, चेहऱ्यावर वेदना, आणि वर मजकूर : ‘तुमचा फेशिया चिकटलाय, दोन मिनिटांत मोकळा करा.’ त्याखाली रोलर, काटेरी बॉल किंवा मसाज गन विकत घेण्याची लिंक.

गंमत म्हणजे रोलर फिरवल्यावर खरंच बरं वाटतं. पण त्यामागचं जे कारण सांगितलं जातं, ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. आणि कारण चुकलं की पुढचा उपायही चुकतो. टाच दुखते म्हणून चालणं सोडलेली आणि पाठ धरते म्हणून वाकणंच बंद केलेली माणसं आपल्या आजूबाजूला काही कमी नाहीत.

तर आधी हा फेशिया म्हणजे काय ते बघू.

मटण साफ करताना तुकड्यांवर एक पातळ, पांढरट, चिवट पापुद्रा दिसतो. सुरीनं ओढून काढावा लागतो तो. तोच फेशिया. शाकाहारी मंडळींनी संत्रं सोलावं. प्रत्येक फोडीभोवती आणि फोडीच्या आतल्या प्रत्येक रसाळ कणाभोवती जसं पातळ आवरण असतं, तसंच आपल्या प्रत्येक स्नायूभोवती आणि स्नायूच्या आतल्या धाग्यांभोवतीही असतं. शाळेच्या विज्ञानात आपण ‘संयोजी ऊती’ शिकलो, त्याच कुटुंबातला हा. स्नायूला हाडाशी बांधणारे टेंडन आणि हाडाला हाडाशी बांधणारी लिगामेंट्स हे त्याचे सख्खे भाऊबंद.

या सगळ्यांचा मुख्य माल एकच, कोलॅजन नावाचं प्रथिन. पायाचं सूप फ्रीजमध्ये ठेवल्यावर जेलीसारखं थिजतं ना, ते याच कोलॅजनमुळे. तासन् तास उकळल्यावर त्याचं जिलेटिन होतं आणि गार झालं की ते घट्ट बसतं. न उकळलेलं कोलॅजन मात्र दोरखंडासारखं असतं, ओढायला गेलं तर सहज दाद देत नाही.

वैद्यकीय महाविद्यालयांत शरीर उघडून शिकवताना हे पांढरं आवरण वर्षानुवर्षं कापून बाजूला टाकलं जायचं. खालचे स्नायू नीट दिसावेत म्हणून. त्यामुळे त्याच्याकडे बारकाईनं बघायला बराच उशीर झाला. फेशियावरची पहिली आंतरराष्ट्रीय संशोधन परिषद भरली ती थेट २००७ साली, अमेरिकेत बोस्टनला.

त्यानंतरच्या संशोधनातून एक गोष्ट ठळक झाली. फेशिया हे नुसतं पॅकिंग नाही. त्याचे एकावर एक थर असतात आणि हालचाल करताना ते एकमेकांवरून घसरतात. शिवलेल्या कोटाला आतून अस्तर असतं, तसं समजा. अस्तर सुळसुळीत असेल तर हात सहज वर जातो, कुठं अडकलं तर आख्खा कोट खेचला जातो. शरीरात हा सुळसुळीतपणा येतो थरांमधल्या हायल्युरॉनिक अ‍ॅसिडमुळे. (हो, फेस सीरमच्या बाटलीवर लिहिलेलं असतं तेच.) इटलीतल्या पादुआ विद्यापीठातल्या कार्ला स्टेको आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये फेशियात हे वंगण बनवणाऱ्या खास पेशींचं वर्णन केलं.

पाठदुखीशीही याचा संबंध दिसला आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०११ साली कंबरेमागच्या फेशियाची अल्ट्रासाउंडनं तपासणी केली. ज्यांना बऱ्याच काळापासून कंबरदुखी होती, त्यांच्यात हे थर इतरांपेक्षा सुमारे २० टक्के कमी घसरत होते. पण म्हणून फेशिया अडकला आणि पाठ दुखली, असं लगेच म्हणता येत नाही. पाठ दुखते म्हणून माणूस हालचाल कमी करतो आणि त्यामुळेही थर आखडू शकतात. आधी काय झालं, ते या तपासणीतून कळत नाही. रीलमध्ये नेमकी हीच ओळ गाळलेली असते.

मग रोलरचं काय?

२००८ साली काही संशोधकांनी गणित मांडलं, की हातानं दाबून फेशियाचा आकार बदलायचा तर किती जोर लागेल? तळपायाचा फेशिया फक्त १ टक्का दाबला जायला जवळपास ८५० किलोचा भार लागेल, असं उत्तर आलं. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या जाड फेशियाला तर त्याहून जास्त. इतका भार ना मसाज करणारा देऊ शकतो, ना रोलर. चेहऱ्यावरच्या मऊ आवरणाची गोष्ट वेगळी, पण रोलर फिरतो तो मांडीवर आणि पोटरीवर.

म्हणजे गाठी फुटत नाहीत, चिकटलेलं सुटत नाही. तरी बरं का वाटतं? याचं बरंचसं उत्तर मज्जासंस्थेत आहे. फेशियात संवेदना पोचवणाऱ्या नसांची टोकं भरपूर असतात. दाब, ऊब, हालचाल मिळाली की मेंदूकडे जाणारे इशारे बदलतात आणि तो तणाव थोडा सैल सोडतो. थोड्या वेळासाठी पाय जास्त वाकतो आणि नंतर पुन्हा पहिल्यासारखा होतो. स्ट्रेचिंगचंही बऱ्यापैकी असंच आहे. काही आठवडे ताण दिल्यावर माणूस जास्त वाकू लागतो, त्यात स्नायू लांब झाल्यापेक्षा ताण सहन करायची सवय झाल्याचा वाटा मोठा असतो. त्यामुळे रोलर आवडत असेल तर खुशाल वापरा. फक्त डोळ्यांतून पाणी येईपर्यंत दाबायची गरज नाही. त्यानं जास्त फायदा होतो असं नाही, काळे-निळे डाग मात्र पडतात.

आता येऊ टाचेकडे, कारण या विषयातलं सगळ्यात घरगुती दुखणं तेच आहे. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कळ येते. दहा-वीस पावलं चाललं की कमी होते.

टाचेपासून बोटांपर्यंत तळपायाखाली फेशियाचा एक जाड पट्टा असतो. एक प्रयोग करून बघा. खुर्चीत बसून एक पाय समोर घ्या आणि हातानं अंगठा वर ओढा. तळव्याची कमान उचलली जाते आणि एक दोरीसारखा पट्टा ताठ होतो. विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला की पोहरा वर येतो, तसंच हे. चालताना टाच उचलली की अंगठा वाकतो, पट्टा त्याच्याभोवती ताणला जातो आणि कमान घट्ट होऊन पाऊल पुढं ढकलायला टणक आधार मिळतो. पायाचं हे तंत्र हिक्स यांनी १९५४ साली उलगडून दाखवलं. धावताना हीच कमान स्प्रिंगसारखी काम करते आणि प्रत्येक पावलाची सुमारे १७ टक्के ऊर्जा साठवून परत देते, असं १९८७ मधल्या एका प्रयोगात दिसलं. टाचेमागचा अकिलीस टेंडन तर याच्या दुप्पट, ३५ टक्के.

रात्रभर पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा सैल असतो. सकाळी त्याच्यावर अचानक आख्ख्या शरीराचं वजन येतं आणि आधीच कुरकुरत असलेली जागा ओरडते.

लोक मग काय करतात? पाय टेकवतच नाहीत. सुरुवातीचे काही दिवस भार कमी करणं ठीक आहे, पण महिनोन् महिने नाही. कोलॅजनच्या धाग्यांना ओढ मिळाली तरच ते मजबूत राहतात. डेन्मार्कमध्ये २०१५ साली टाचदुखीच्या ४८ रुग्णांवर एक चाचणी झाली. एका गटानं तळव्याला फक्त ताण दिला. दुसऱ्या गटानं बोटांखाली गुंडाळी केलेला टॉवेल ठेवून पायरीच्या कडेवर सावकाश टाच वर-खाली केली, एक दिवसाआड आणि हळूहळू वजन वाढवत. तीन महिन्यांनी दुसरा गट बराच पुढे होता. वर्षानं मात्र दोन्ही गट सारखेच झाले. म्हणजे दोन्ही वाटा घरी पोचतात, एक लवकर पोचते इतकंच.

‘लवकर’ म्हणजेही महिने. डेन्मार्कमध्येच अकिलीस टेंडनच्या गाभ्याचा अभ्यास झाला, तेव्हा आढळलं की वयाच्या १७ व्या वर्षानंतर तिथलं कोलॅजन जवळपास बदलतच नाही. ज्या वस्तूचा असा स्वभाव आहे, ती दोन मिनिटांच्या रीलनं कशी बदलणार?

पोश्चरबद्दल थोडं. लॅपटॉपसमोर पोक काढून बसल्यानं फेशिया प्लास्टरसारखा त्याच आकारात सुकत नाही. पण बराच वेळ पुढं वाकून राहिलं की कंबरेची लिगामेंट्स हळूहळू सैलावतात. कॅनडातल्या एका प्रयोगात लोकांना २० मिनिटं पूर्ण वाकवून बसवलं होतं. सरळ झाल्यावर पहिल्या दोन मिनिटांत कंबरेचा निम्मा ताठपणा परत आला, पण अर्ध्या तासानंतरही थोडी कसर राहिली होती. म्हणून खूप वेळ वाकून काम केल्यावर लगेच गॅस सिलिंडर उचलायला जाऊ नका, दोन-चार मिनिटं उभं राहा, फिरा. एकच ‘आदर्श’ पोज दिवसभर धरून ठेवण्यापेक्षा अधूनमधून पोज बदललेली बरी.

लवचिकता जास्त म्हणजे तब्येत उत्तम, हाही एक गैरसमज. काहींचं कोलॅजन जन्मतःच सैल असतं. अंगठा सहज मनगटाला टेकतो, कोपर उलटं वाकतं. शाळेत अशा मुलांचं कौतुक होतं, पण त्यांच्यातल्या काहींचे सांधे वारंवार निखळतात. त्यांना आणखी ताणायची नाही, स्नायू बळकट करायची गरज असते.

उलट टोकाला आहे मधुमेह. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ती कोलॅजनला चिकटते आणि धागे एकमेकांत अडकून कडक होतात. खांदा जाम होण्याचं प्रमाण मधुमेहींमध्ये जास्त असतं. हाताची बोटंही आखडतात. डॉक्टर हे बघायला नमस्कार करायला सांगतात. दोन्ही तळवे आणि सगळी बोटं एकमेकांना सपाट टेकतायत का? मध्ये फट राहत असेल आणि बोटं सरळच होत नसतील, तर रोलर मागवण्याआधी साखर तपासून घ्या.