एका तालावर चालणारीं यंत्रें

भजनांत प्रत्येक टाळकरी आपल्याच हातांनीं टाळ वाजवितो. तरी शेजाऱ्याचा ठोका कानीं पडतांच तो आपली गति किंचित् आवरतो किंवा वाढवितो. अशा अल्प फेरबदलांनीं अनेक स्वतंत्र गतींचा मेळ बसतो. यासच समकालन म्हणतात. एकाच आधारास टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक आपोआप असाच मेळ धरतात, हें डच शास्त्रज्ञ हायगेन्स यानें इ. स. १६६५ मध्यें पाहिलें.

आपल्या भंडारा जिल्ह्यांतील विजेची गोष्टही अशीच आहे. लाखांदुराकडील धानाच्या बांधावरचा विजेचा पंप कोणत्याही एकाच विद्युत्-केंद्राचा आश्रित नसतो. देशांतील शेंकडों केंद्रांचीं जनित्रें एका जाळ्यांत गुंफलेलीं आहेत. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं सोलापूर-रायचूर वाहिनीनें दक्षिणेचें जाळें उर्वरित भारताशीं जोडलें गेलें, आणि सर्वांचा ताल एक झाला. सेकंदास ५० आवर्तनें, हा तो ताल होय.

मागणी वाढली कीं जनित्रांवर भार पडून त्यांची गति मंदावते. मागणी घटली कीं ती वाढते. तो फरक ओळखून जनित्राचा वेगनियामक वाफ किंवा पाणी कमीअधिक सोडतो. शिवाय कळवा व नागपुरांतील अंबाझरी येथील भारनियंत्रण केंद्रें महाराष्ट्राच्या जाळ्यावर अहोरात्र लक्ष ठेवितात. येथें प्रत्येक पंपास व दिव्यास आज्ञा करावी लागत नाहीं. मोजक्या योग्य ठिकाणीं नियंत्रण ठेविल्यानें सारें जाळें सांवरतें.

परंतु मेळ बिघडल्यास जोडणीच घातक होते. ३० जुलै २०१२ रोजीं बीना-ग्वाल्हेर वाहिनी अतिभारानें बंद पडली. तिचा भार इतरांवर जाऊन त्याही एकामागून एक तुटल्या आणि उत्तर भारत अंधारांत बुडाला. दुसऱ्या दिवशीं उत्तरेसह पूर्व व ईशान्य भागांचीही तीच गत झाली. उलट, ५ एप्रिल २०२० रोजीं रात्रीं नऊ वाजतां लोकांनीं नऊ मिनिटें दिवे मालविले. मागणी सुमारें ३१,००० मेगावॅटनें उतरली. तथापि पूर्वयोजनेप्रमाणें जलविद्युत्-केंद्रांनीं आपलें उत्पादन त्वरेनें कमी केलें व पुन्हां वाढविलें, म्हणून ताल ढळला नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, जोडणीनें सामर्थ्य येतें, त्याबरोबरच एकाची चूक सर्वांस भोंवण्याचें भयही येतें. म्हणून ज्यास समुदायांत राहावयाचें आहे, त्यानें आपलें काम करतांना शेजाऱ्याच्या तालाकडेही कान द्यावा, हेंच श्रेयस्कर.