आतड्यातील अडथळा : एक्स-रे आणि सीटी स्कॅन काय सांगतात?

अमरावती धर्मप्रांताचा विस्तार मोठा आहे. मेळघाटातील खेड्यातून अमरावती वा अकोला गाठेपर्यंत घाटरस्त्यात कित्येक तास जातात. आतड्यात अडथळा झालेल्या रुग्णाच्या बाबतीत हेच तास निर्णायक ठरतात, म्हणून हा विषय आम्ही भाविकांपुढे मांडीत आहोत.

पोट फुगणे, कळा येणे, वारंवार उलट्या होणे, शौच व वारा दोन्ही बंद होणे ही याची मुख्य लक्षणे. अशा वेळी एरंडेल किंवा जुलाब देण्याची घाई आपल्याकडे पुष्कळदा होते. ती करू नये. वाट बंद असता जोर लावल्यास आतडे फाटण्याचा धोका असतो.

रुग्णालयात बहुधा प्रथम पोटाचा एक्स-रे काढतात. उभ्याने काढलेल्या चित्रात फुगलेली आतडी आणि हवा-पाण्याच्या आडव्या पातळ्या दिसतात. लहान आतडे ३ सेंटिमीटरहून रुंद दिसल्यास संशय बळावतो. मात्र एक्स-रे निर्दोष आला म्हणजे अडथळा नाहीच, असे मानता येत नाही. सीटी स्कॅन अधिक सांगतो: अडथळा नेमका कोठे आहे, तो जुन्या शस्त्रक्रियेनंतर चिकटलेल्या आतड्यांमुळे, हर्नियामुळे, गाठीमुळे की क्षयरोगामुळे आहे, आणि आतड्यास रक्त पोहोचते आहे की नाही. हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पीळ पडून रक्तपुरवठा तुटल्यास काही तासांतच आतडे कुजू लागते. तेथे तातडीच्या शस्त्रक्रियेस पर्याय नाही. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्यासाठी सोनोग्राफी आधी करतात, कारण तिच्यात किरणोत्सर्ग नसतो.

आतडी केवळ चिकटलेली असतील व रक्तपुरवठा शाबूत असेल, तर नाकातून नळी घालून, सलाईन देऊन वाट पाहिली जाते. काही ठिकाणी एक्स-रेत दिसणारे द्रव नळीवाटे देऊन पुन्हा चित्र काढतात. ते २४ तासांत मोठ्या आतड्यात उतरले, तर शस्त्रक्रिया बहुधा टळते. "डॉक्टर नुसते फोटोच काढतात" अशी नातलगांची तक्रार आमच्या कानी येते; तिचे उत्तर येथे आहे.

जुन्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे सोबत न्यावीत. मूत्रपिंडाचा विकार वा औषधाची ॲलर्जी असल्यास सीटीपूर्वी अवश्य सांगावे.

रुग्णांच्या तैलाभ्यंगाचा संस्कार केवळ मरणासन्नांसाठी नाही. गंभीर शस्त्रक्रियेपूर्वीही तो घेता येतो. परंतु त्यासाठी रुग्णास घरी थांबवून ठेवू नये. आधी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, मग धर्मगुरूंना कळवावे. संस्कार रुग्णालयातही देता येतो.