गिधाडे गेली, आता ढोरे कोण ओढणार?

पर्यावरण, जंगल, पशुपक्षी हे विषय निघाले की आपले अनेक कार्यकर्ते पान उलटतात. "आमच्या माणसाला माणूस म्हणून जगू देत नाहीत आणि तुम्ही पाखरांची चिंता करता?" असा रोकडा सवाल आम्हाला सभांमधून ऐकावा लागला आहे. सवाल रास्त आहे. परंतु गिधाडाच्या बाबतीत तो लागू पडत नाही. कारण गिधाड आणि आपला समाज यांना या देशातील जातिव्यवस्थेने शेकडो वर्षे एकाच कामाला जुंपले होते. गावात बैल मेला की महाराने तो ओढून गावाबाहेर न्यायचा, कातडे सोलले जायचे आणि उरलेल्या मांसाचा फडशा गिधाडांनी पाडायचा. पगार दोघांनाही नव्हता. आणि ज्याने गाव स्वच्छ ठेवले त्याच्याच नावाची शिवी करायची, ही इथल्या मनुवाद्यांची जुनी खोड! गिधाड हा शब्द मराठीत आजही कसा वापरला जातो ते पाहा.

ही गिधाडे अचानक मरू लागली. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेच्या आसपास घरटी मोजली होती. नव्वदचे दशक संपेपर्यंत तिथे एकही उरले नाही. १९९२ ते २००७ या काळात देशातील या जातीची हजारातली ९९९ गिधाडे नाहीशी झाली. आधी वाटले, काही रोग असेल. २००४ साली लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील मेलेली गिधाडे तपासून खरे कारण शोधले. ते होते डायक्लोफेनॅक! माणसे गुडघेदुखीवर घेतात तेच औषध. नव्वदच्या दशकात ते स्वस्त झाले आणि गुराढोरांना सर्रास टोचले जाऊ लागले. असे जनावर मेल्यावर गिधाडाने खाल्ले की त्याचे मूत्रपिंड बंद पडते, युरिक आम्लाचे पांढरे खडे काळजावर, यकृतावर साचतात आणि काही दिवसांत ते मरते. शंभरातल्या एकापेक्षाही कमी मढ्यांत हे औषध असले तरी सबंध जात संपू शकते, हे संशोधकांनी गणिताने दाखवले.

२००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर केंद्राने बंदी घातली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली एका मात्रेपुरती, तीन मिलिलिटरची, करावी लागली. कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक या औषधांवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित असलेले औषध उपलब्ध असताना एवढी वर्षे का लागली, याचे उत्तर औषध कंपन्यांच्या नफ्यात आहे.

गिधाडे गेल्यावर मढी कुजत पडली, पाणी नासले, मोकाट कुत्री वाढली, पिसाळलेल्या कुत्र्यांचे चावे वाढले. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी गिधाडांचा पूर्वापार वावर असलेले जिल्हे आणि नसलेले जिल्हे यांची तुलना केली. २०२४ साली अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये आलेल्या त्यांच्या लेखाचा निष्कर्ष असा, की २००० ते २००५ या पाच वर्षांत भारतात सुमारे पाच लाख माणसे जादा मेली. नुकसान दरवर्षी जवळपास ७० अब्ज डॉलर! म्हणजे गिधाड फुकट करत होते त्या कामाची ही किंमत.

आम्हाला इथे दुसरे एक गणित आठवते. १९२७ साली महाडला परमपूज्य बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, ढोरे ओढणे सोडा असे बजावले. तेव्हा 'केसरी'त लेख आले, की कातडी, शिंगे, हाडे विकून मिळणाऱ्या उत्पन्नाला महार मुकतील. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी याची आठवण सांगितली. एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या, ढोरे तुम्ही ओढा, वर मी पदरचे पैसे देतो, असे त्यांनी त्या हिशेबनीसांना सुनावले होते. एकही पुढे आला नाही. गिधाडाच्या कामाचा हिशेब आज डॉलरमध्ये झाला, त्याबद्दल संशोधकांचे अभिनंदन. पण ज्याच्या खांद्यावरून ते ढोर गावाबाहेर गेले त्याच्या मजुरीचा रकाना अजून कोऱ्या कागदावरही नाही.

आणि नकार दिला की काय होते? ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधील उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षकांनी अमानुष मारहाण केली. त्यानंतर तिथल्या बांधवांनी मेलेली जनावरे सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीसमोर नेऊन टाकली आणि ती उचलायचे नाकारले. ज्यांच्या आईचे प्रेत होते, त्यांनी ते उचलावे! देशातील कचेऱ्यांना त्या दिवशी या कामाची किंमत कळली.

कायदा आता स्पष्ट आहे. ॲट्रॉसिटी ॲक्टमध्ये २०१५ ला दुरुस्ती झाली, २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मेलेले जनावर उचलायला किंवा वाहून न्यायला भाग पाडणे हा कलम ३(१) खाली गुन्हा आहे.

तरीही आम्ही म्हणतो, गिधाडे परत आली पाहिजेत. पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढवलेली गिधाडे २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली. रायगड, नाशिक, गडचिरोलीत गिधाडांसाठी सुरक्षित मढी टाकायच्या जागा केल्या, त्यांना 'गिधाड उपाहारगृह' असे गोंडस नाव आहे. या उपाहारगृहाचा वाढपी कोण? तिथपर्यंत मढे कोण नेतो, गाडीने की खांद्यावर, हातमोजे आणि रेबीजची लस त्याला मिळते का, त्याची जात कोणती? हे काम यंत्राने, पगारी नोकरीत आणि कोणत्याही जातीच्या माणसाकडून व्हायला हवे.

माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्याने ग्रामपंचायतीला आणि पशुसंवर्धन खात्याला तीन गोष्टी विचाराव्यात. गेल्या तीन वर्षांत किती मेलेली जनावरे उचलली, कोणी उचलली आणि त्याला किती पैसे दिले. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. नाही आले तर पहिले अपील करा, मसुदा आम्ही करून देऊ.