डीएनएच्या घड्या आणि तंबाखूचे पान

निपाणीच्या वखारींतील तंबाखूचा उग्र दर्प ज्यांच्या परिचयाचा आहे, त्या श्रोत्यांना हे ऐकून नवल वाटेल, की आनुवंशिकतेच्या शास्त्रातील एक गूढ याच वनस्पतीच्या पेशीत प्रथम उकलले.

माणसाच्या एका पेशीतील सारा डीएनए सरळ केला, तर तो सुमारे २ मीटर भरेल. आणि ज्या केंद्रकात तो राहतो त्याचा व्यास मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग! प्रथिनांभोवती गुंडाळून, घड्या घालूनच तो तेथे मावतो. पण ही घडी केवळ जागेच्या सोयीसाठी नव्हे. जो भाग घट्ट मिटला, त्यातील आज्ञा सहसा वाचल्या जात नाहीत. मग कोणता भाग मिटावयाचा, हे ठरवितो कोण?

आरएनए म्हणजे डीएनएचा निरोप प्रथिनांच्या कारखान्यात पोचविणारा जासूद, अशी आपली शाळेतील ओळख. परंतु पुष्कळ आरएनए असला कोणताच निरोप वाहत नाहीत. बटाट्याच्या झाडाला पीडणारा व्हायरॉइड हा अशांपैकीच. अवघ्या ३५९ अक्षरांचा उघडा आरएनए. मायकेल वासेनेगर आदी जर्मन संशोधकांनी त्याच्या मजकुराची डीएनए-प्रत तंबाखूच्या गुणसूत्रात बसविली. व्हायरॉइडची वाढ होत नव्हती तोवर ती प्रत कोरी राहिली. वाढ होताच तिच्यावर मिथिल गटांच्या रासायनिक खुणा उमटल्या, आणि त्या नेमक्या तिच्यावरच, शेजारच्या मजकुरावर नव्हेत. आरएनएने आपल्याशी जुळणारा डीएनए हुडकून काढला होता. हे १९९४ साली प्रसिद्ध झाले. अशा खुणांचा भाग बहुधा मिटलेला राहतो. आगंतुक मजकुराचा बंदोबस्त वनस्पती याच युक्तीने करतात.

प्राण्यांतील तऱ्हा निराळी. मांजरीच्या पेशीत एक्स गुणसूत्रे दोन. त्यांपैकी एकावर ‘झिस्ट’ हा आरएनए तयार होतो व दूर न जाता त्याच गुणसूत्रावर पसरतो. प्रथिने गोळा करतो, घड्यांची रचनाच पालटतो आणि जवळजवळ सबंध गुणसूत्र मुके करून टाकतो. कोणत्या पेशीत कोणते एक्स मिटेल याचा नेम नाही. म्हणूनच आपल्या गल्लीतील काळ्या-तांबड्या मांजरीच्या अंगावर ते ठिगळ ठिगळ रंग दिसतात.

डाऊन सिंड्रोम असलेल्या बहुतेक बालकांच्या पेशींत एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते. २०१३ साली अमेरिकन संशोधकांनी झिस्टचे जनुक त्या जादा गुणसूत्रात बसविले, तेव्हा तेही मिटले. हा प्रयोग काचपात्रातील पेशींवरचा होता, रोग्यावरचा नव्हे. परंतु सबंध गुणसूत्राला असे गप्प बसविता येते, हे त्याने दाखविले.