मागच्या चाकाचा कल: झुलत्या आसापासून कापलेल्या स्प्रिंगपर्यंत

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर ज्यांनी २००० नंतरची दहाएक वर्षं टॅक्सीने ये-जा केली, त्यांना हे चित्र आठवत असेल. पुढे डिझेल इंडिका चालली आहे. आत पाच माणसं, डिकीत बॅगा. मागची दोन्ही चाकं खाली फाकलेली आणि वर एकमेकांकडे झुकलेली. स्टॅंडवर माणसं उतरली, बॅगा निघाल्या, की चाकं पुन्हा बरीचशी सरळ. ती गाडी बिघडलेली नसायची. ओझ्याने मागचं सस्पेन्शन दबायचं आणि दबताना चाकाचा माथा आत जायचा, एवढंच.

आज हौशी मुलं गाडी खाली बसवतात तेव्हा नेमकं हेच घडतं. फरक इतकाच, की टॅक्सीतलं ओझं संध्याकाळी उतरायचं. कापलेल्या किंवा आखूड स्प्रिंगवर बसलेली गाडी मात्र दिवसरात्र दबलेलीच राहते. म्हणूनच मागच्या चाकाच्या या कलाचा मागोवा घ्यावासा वाटतो. गाडी खाली केली की चाक झुकणारच, हा समज अर्धाच खरा आहे. काही गाड्यांत ते खूप झुकतं, काहींत थोडं आणि काहींत अजिबात नाही. चाक गाडीला कोणत्या हाताने धरलं आहे, यावर ते ठरतं आणि हे हात शंभर वर्षांत अनेकदा बदलले.

आधी शब्द समजून घेऊ. गाडीच्या मागे उभं राहून पाहिलं असता चाक उभ्या रेषेपासून जेवढं कललेलं दिसतं, तो कॅम्बर. माथा आत असेल तर निगेटिव्ह, बाहेर असेल तर पॉझिटिव्ह. ६० सेंटिमीटर उंचीच्या चाकाला १ अंशाचा कल असला, तर माथा तळापेक्षा साधारण १ सेंटिमीटर आत जातो.

या गोष्टीची सुरुवात १९०३ सालची. एडमंड रुम्पलर या ऑस्ट्रियन अभियंत्याने झुलत्या आसाचं पेटंट घेतलं. आस मधोमध तोडायचा, दोन्ही अर्धे डिफरन्शियलपाशी बिजागरीसारखे जोडायचे, म्हणजे एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसरं हलत नाही. हान्स लेडविंका यांनी १९२३ च्या टाट्रा ११ मध्ये ही रचना वापरली आणि पुढे फर्डिनांड पोर्शे यांच्या फोक्सवॅगन बीटलने ती जगभर नेली.

तिचा स्वभाव समजायला स्वतःचा हात पुरतो. कोपर टेबलावर टेकवा, हात आडवा ठेवा आणि मुठीत एक ताटली अशी उभी धरा की ती हाताशी काटकोनात राहील. आता कोपर न हलवता मूठ वर उचला. ताटलीचा माथा तुमच्याकडे झुकतो. गाडी खाली बसवणं म्हणजे अंगाच्या मानाने चाक वर जाणं. बिजागरीपासून चाकापर्यंतचं अंतर ६० सेंटिमीटर धरलं, तर ४ सेंटिमीटर खाली केलेल्या गाडीचं मागचं चाक जवळपास ४ अंश आत झुकतं. इतका मोठा बदल दुसऱ्या क्वचितच कोणत्या रचनेत मिळेल.

पण त्या काळातली खरी भीती उलट्या दिशेची होती. वळणावर जोराने वळताना गाडीची मागची बाजू उचलली जायची, बाहेरच्या चाकाचा तळ गाडीखाली ओढला जायचा आणि टायर कडेवर उभा राहायचा. अमेरिकेत शेवरोलेची १९६० ची कॉर्वेअर याच आसावर आली. तिला टायरमधली हवा पुढे १५ आणि मागे २६ पौंड ठेवावी, असं कंपनी सांगत होती. हवा भरणारा माणूस चारही टायरमध्ये सारखीच हवा भरणार, हे उघड होतं. १९६४ मध्ये मागे एक आडवा कमानपाटा आला आणि १९६५ च्या मॉडेलमध्ये मागची सगळी रचनाच बदलली. त्याच १९६५ साली गाड्यांच्या सुरक्षिततेवर टीका करणारं राल्फ नेडर यांचं पुस्तक आलं आणि कॉर्वेअर हे नाव त्या वादाशी कायमचं जोडलं गेलं. १९७२ च्या सरकारी अहवालाने तिला त्या काळातल्या इतर गाड्यांच्या पंक्तीतच बसवलं, पण तोवर ती बंद होऊन तीन वर्षं झाली होती.

म्हणजे झुलत्या आसाच्या गाड्यांना मागून थोडं खाली बसवणं हे शहाणपणाचं होतं. चाकाला आधीच निगेटिव्ह कल दिला, की ते गाडीखाली दुमडायला वेळ लागतो. शर्यतीत बीटल चालवणारे हे मुद्दाम करायचे. इथे गाडी खाली करण्यामागे शोभा नव्हती, ती रस्ता धरून ठेवण्याची धडपड होती. हे विसरलं जातं, म्हणून इथे नोंदवतो.

त्याच वर्षांत आपल्याकडे, मुंबईत कुर्ल्याला, फियाट ११०० तयार होत होती. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि काळी-पिवळी म्हणून दशकानुदशकं मुंबईत धावली. तिचा मागचा आस अखंड होता, खाली कमानपाटे. दोन्ही चाकं एकाच दांड्याच्या टोकांना. पाट्याचं एक पान काढा, गाडीत सहा माणसं बसवा, डोक्यावरच्या कॅरिअरला ट्रंका बांधा. दांडा वाकला नसेल, तर चाक सरळ ते सरळच. उत्तरपाड्याच्या ॲम्बॅसॅडरचंही तसंच. म्हणून आपल्या वडिलांच्या पिढीतल्या मिस्त्रींना मागच्या कॅम्बरशी फारसं कर्तव्यच नव्हतं. गाडी वर असो की खाली, मागे मापायचं काय?

युरोपात मात्र मधला मार्ग शोधणं सुरू होतं. १९६१ मध्ये फ्रॅंकफर्टला बीएमडब्ल्यूने १५०० ही गाडी दाखवली. तिच्या मागच्या चाकांना सेमी-ट्रेलिंग आर्म होते. हा हात चाकाच्या पुढे तिरक्या बिजागरीवर बसतो, त्यामुळे चाक वर जाताना थोडं झुकतं आणि थोडं वळतंही. झुलत्या आसापेक्षा कल कितीतरी कमी, तरी डोळ्यांना दिसण्याइतका. हीच पद्धत १९८२ च्या ३ सिरीजपर्यंत, म्हणजे ज्या गाडीला सगळं जग ई-३० म्हणून ओळखतं तिच्यापर्यंत आली. ती खाली बसवणाऱ्यांची पंचाईत अशी, की मागचा कॅम्बर जुळवायला कारखान्याने काही सोयच ठेवलेली नव्हती. लोकांनी मागच्या क्रॉसमेंबरवर नवे ब्रॅकेट वेल्ड केले, त्यात एक्सेंट्रिक बोल्ट घातले आणि चाकं ताळ्यावर आणली.

याच काळात आणखी दोन वाटा फुटल्या. १९७४ च्या फोक्सवॅगन गोल्फने मागे ट्विस्ट बीम आणला. दोन हात आणि मध्ये पिळली जाणारी तुळई. स्वस्त, जागा न अडवणारा. दोन्ही चाकं सारखीच वर गेली, तर त्यांचा कॅम्बर जवळपास हलत नाही. १९८२ च्या मर्सिडीज १९० ने उलट टोक गाठलं. तिच्या प्रत्येक मागच्या चाकाला पाच वेगवेगळे हात होते आणि चाक कसं हलावं हे त्या पाच जणांनी मिळून ठरवायचं.

पण गाडी खाली बसवणाऱ्या जगाला कॅम्बर हा शब्द घरोघरी शिकवला तो होंडाने. १९८७ च्या सिव्हिकला चारही चाकांवर डबल विशबोन मिळाले. वरचा हात आखूड, खालचा लांब. चाक वर गेलं, की आखूड हात माथ्याला आत ओढतो. ही चूक नव्हे, युक्ती आहे. वळणावर गाडी बाहेर कलते तेव्हा बाहेरचं चाकही तिच्याबरोबर बाहेर कलू पाहतं. हात त्याला तेवढंच आत खेचतो आणि टायर रस्त्यावर सपाट राहतो. म्हणजे तो कल वळणासाठी राखून ठेवलेली शिल्लक आहे. गाडी कायमची खाली बसवली, की ती शिल्लक सरळ रस्त्यावर उभ्या उभ्याच खर्च होते. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मुलांनी सिव्हिक खाली केल्या आणि मागच्या टायरच्या आतल्या कडा झिजू लागल्या. त्यावर त्यांचा सर्वांत स्वस्त उपाय असा: मागचा वरचा हात बॉडीला दोन बोल्टांनी बसतो, त्या बोल्टांवर हात आणि बॉडीच्या मध्ये एकेक-दोनदोन वॉशर घालायचे. हात तेवढा बाहेर सरकतो, माथा तेवढा सरळ होतो.

आणि मग १९९८ ची टाटा इंडिका. पिंपरी-चिंचवडची. तिचं मागचं सस्पेन्शन सेमी-ट्रेलिंग आर्मचं, म्हणजे बीएमडब्ल्यूच्या त्या १५०० चंच दूरचं नातलग. मागे प्रशस्त जागा आणि खड्ड्यांत मऊ चाल, यासाठी ते बरं होतं. मात्र छोट्या गाडीत माणसं आणि सामान खच्चून भरायची आपली सवय, त्यामुळे बीएमडब्ल्यूवाल्यांना स्प्रिंग बदलून जो कल दिसला, तो आपल्याला रोज रस्त्यावर फुकट दिसला. २०१८ मध्ये इंडिकाचं उत्पादन थांबलं आणि ते चित्रही विरत गेलं.

पुढच्या पिढीत दोन गाड्या शेजारी उभ्या राहिल्या. एक २००६ मध्ये भारतात आलेली होंडा सिव्हिक, मागे विशबोनवाली. दुसरी चाकणला बनलेली पोलो, मागे ट्विस्ट बीमवाली. दोन्ही ४ सेंटिमीटर खाली करा. पोलोचं मागचं चाक जवळपास होतं तसंच राहील, सिव्हिकचं आत झुकेल. गॅरेजवाल्याने दोन्हींना एकच सल्ला दिला, तर त्यातल्या एकीचं नुकसान ठरलेलं.

चिंचवडच्या एका अलाइनमेंटच्या दुकानात मी अशीच एक खाली बसवलेली सिव्हिक पाहिली. टायर बाहेरून बघितला तर नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक. दुकानातल्या काकांनी गाडी रॅम्पवर घेतली, आतून टॉर्च मारला आणि मालकाला वाकून बघायला सांगितलं. आतली चार बोटं रुंदीची पट्टी गुळगुळीत झाली होती आणि एका जागी रबरातून तारा डोकावत होत्या. "दादा, टो मी बसवून देतो," काका म्हणाले, "पण कॅम्बरला इथं बोल्टच नाही. वरचा आर्म वेगळा आणावा लागेल."

काकांनी टोचं नाव आधी घेतलं, ते बरोबरच. टो म्हणजे वरून पाहताना चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळलेलं असणं. खाली बसलेल्या गाडीत कॅम्बरबरोबर टोही बदलतो आणि टायर खाण्यात बहुतेक वेळा त्याचाच हात मोठा असतो. सरळ जाणाऱ्या गाडीचं चाक १ अंश वळलेलं असेल, तर दर किलोमीटरला ते साधारण १७ मीटर आडवं फरफटतं. नुसत्या कललेल्या चाकाने टायर आतून हळूहळू घासतो. कल आणि चुकलेला टो एकत्र आले, की तारा निघतात.

गेल्या पंधराएक वर्षांत जपानातून आलेल्या ओनी-क्यान, म्हणजे राक्षसी कॅम्बरच्या पद्धतीने हा कल मुद्दाम दहा-दहा अंशांवर नेला. प्रदर्शनात उभी असलेली अशी गाडी कारागिरीचा नमुना असू शकते. रस्त्यावर मात्र टायरची एक चिंचोळी पट्टीच जमिनीला टेकते. पावसात ब्रेक दाबला तर त्या पट्टीच्या भरवशावर गाडी थांबायची असते आणि समोर शाळेतून सुटलेली मुलं असतात. बीटलवाल्यांनी चाक रस्त्याला धरून राहावं म्हणून जो कल शोधला, तोच इथे रस्ता सुटण्याचं कारण होतो. हे मला मनापासून खटकतं.

म्हणून गाडी खाली करायची इच्छा असणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. आधी गाडी रॅम्पवर चढवून मागे काय आहे ते स्वतः बघा: अखंड आस, ट्विस्ट बीम, तिरका आर्म की विशबोन. मूळ उंचीवरचे कॅम्बर आणि टोचे आकडे छापून घ्या. स्प्रिंग कापू नका. कापलेली स्प्रिंग जॅकवर गाडी उचलली की बैठकीतून सुटू शकते. आपल्या गाडीसाठी बनलेली आखूड स्प्रिंग आणि तिला साजेसे शॉकअपच घ्या. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आणि आरटीओचे नियम काय सांगतात ते पैसे देण्याआधी वाचा. गाडी खाली झाल्यावर त्याच दिवशी पुन्हा अलाइनमेंट करा आणि महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन टायरची आतली कड बघा. बाहेरची कड काहीही सांगत नाही.